भूल आणि बोल

मराठीत काही शब्द मोठे बिलंदर आहेत. दिसायला दोन अक्षरांचे. पण आत शिरावे तो खोलीमागून खोली लागत जाते. ‘भूल’ हा त्यांपैकीच एक. शस्त्रक्रियेच्या आधी देतात ती भूल, हिशेबात होते ती भूल, आणि तिन्हीसांजेला रानात वाट चुकलेल्या माणसाला पडते तीही भूलच. पहिली डॉक्टर देतो, दुसरी आपली आपण करतो, आणि तिसरी कोण घालते ते कोकणातल्या माणसाला विचारावे. वर्गात हा शब्द आला की मी तिथे दहा मिनिटे रेंगाळते. त्यामुळे अभ्यासक्रम मागे पडतो अशी कुरबूर ऐकू येते, पण तिला इलाज नाही.

आज ज्या औषधाविषयी लिहायचे आहे, त्याला या शब्दाचे तिन्ही अर्थ लागू पडतात. त्याचे नाव केटामाइन. नाव परके वाटेल, पण औषध तितके परके नाही. उसात शिरलेल्या बिबट्याला वनखात्याने बेशुद्ध करून पिंजऱ्यात घातले, अशी बातमी जुन्नरकडून किंवा नाशिककडून येते, तेव्हा नेम धरून मारलेल्या त्या सुईत बहुधा दुसऱ्या एका औषधाच्या जोडीने हेच असते. तालुक्याच्या गावी मोडलेले हाड बसवताना, अडलेल्या बाळंतिणीचे पोट उघडताना, भाजलेल्या लेकराच्या जखमा धुताना वर्षानुवर्षे याच औषधाने वेळ निभावून नेली आहे. आणि आता हेच औषध अमेरिकेत खचलेल्या मनावर देऊ लागले आहेत. नुसते देत नाहीत. काही ठिकाणी ते देऊन रोग्याशी बोलत बसतात.

माझे लक्ष तिकडे गेले ते या सदराला आलेल्या एका पत्रामुळे. लिहिणाऱ्या बाई नाशिकच्या. वय बहात्तर, अक्षर मोत्यासारखे. मुलगी अमेरिकेत, न्यू जर्सीला. जावई चांगले, दोन नातवंडे, नोकरी, घर, सगळे यथास्थित. आणि मुलगी तीन वर्षे खिन्न. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. “आता म्हणे तिथल्या डॉक्टरांनी भुलीचे औषध टोचायचे आणि मग जवळ बसून बोलायचे, असा उपचार काढला आहे. प्राध्यापकबाई, तुम्ही चार पुस्तके वाचता म्हणून विचारते. जे बोलायचे ते माणूस शुद्धीवर असताना का नाही बोलत?”

प्रश्न बिनतोड आहे. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. पण बोलणे हा आहे, निदान विद्यापीठाने तसा कागद दिला आहे. तेव्हा गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचले आणि ओळखीच्या डॉक्टरांना यथेच्छ त्रास दिला. त्यातून हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

आधी जन्मकथा. सन १९६२. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात कॅल्व्हिन स्टीव्हन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने पार्क-डेव्हिस या औषधकंपनीसाठी एक नवे संयुग तयार केले. त्याआधीचे एक भावंड कंपनीच्या हाती होते, पण ते फार दांडगे निघाले. त्याची भूल उतरताना रोगी तासन् तास भ्रमात राहत. हे नवे त्या मानाने सौम्य आणि लवकर उतरणारे. १९६४ साली ते पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. ही माणसे म्हणजे मिशिगन राज्यातल्या जॅक्सन येथील तुरुंगाचे कैदी. कैद्याची संमती ही कितपत संमती, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नव्हता. आज पडतो, आणि पडावा. प्रयोग करणारे दोघे डॉक्टर, एडवर्ड डॉमिनो आणि गुंटर कॉर्सेन. त्यांच्या ध्यानात आले की ही माणसे झोपत नाहीत. डोळे उघडे, श्वास चालू. पण आपल्या अंगाशी आणि भोवतालाशी त्यांचा धागा तुटलेला. याला म्हणावे काय? डॉमिनोंनी घरी पत्नीला हे वर्णन करून सांगितले, आणि शब्द सुचला तो तिला. मराठीत त्याला ‘वियोजक भूल’ असे काहीतरी म्हणावे लागेल. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे तो शब्द असा स्वयंपाकघराच्या आसपास जन्मला. भाषेच्या माणसाला ही गोष्ट मिरवण्याजोगी वाटते, म्हणून सांगितली.

१९७० मध्ये अमेरिकेत औषधाला परवाना मिळाला आणि लगोलग व्हिएतनामच्या रणांगणावर त्याचा वापर झाला. श्वास बंद पाडत नाही, रक्तदाब खाली आणत नाही, मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जिथे वीज आणि प्राणवायू दोन्ही बेभरवशाचे, तिथे असे औषध म्हणजे देवच पावला. १९८५ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त भूलतज्ज्ञ राहतात. जन्म सरकारी रुग्णालयांत गेला, बराचसा मराठवाड्यात. त्यांना मी गाठले.

“काका, या भुलीत आणि इतर भुलींत फरक काय हो?”

“अगं, बाकीच्या औषधांनी माणूस झोपतो. याने तो निघून जातो. डोळे टक्क उघडे, बुबुळे हलताहेत, नाडी उलट जोरात. घराचे दार उघडे, दिवा लागलेला, आणि घरात माणूस नाही.”

“आणि परत येतो तेव्हा?”

“तेव्हाच खरी परीक्षा. कोणी किंचाळत उठायचे, कोणी रडत. आमच्याकडे एक वयस्क सिस्टर होत्या. इंजेक्शन देण्याआधी त्या बाईच्या कपाळावर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, ‘माहेर कुठलं गं तुझं? विहीर आहे का शेतात? पाणी किती खोल?’ बाई विहिरीचे सांगता सांगता जायची. आणि शुद्धीवर यायची तेव्हा चेहरा असा, की माहेरपण करून आली आहे. ज्या दिवशी सिस्टर रजेवर आणि थिएटरात आरडाओरड, त्या दिवशी हटकून पेशंट घाबरून उठायचे.”

“हे तुमच्या पुस्तकांत असते का?”

“असते ना. रोग्याला आधी धीर द्यावा, चांगल्या गोष्टीची आठवण करून द्यावी, जाग येताना आवाज करू नये. सिस्टरांनी पुस्तक वाचले नव्हते, एवढेच.”

नाशिकच्या बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच मिळाले असे वाटते. औषध माणसाला कुठेतरी घेऊन जाते खरे. पण कुठे, हे बऱ्याच अंशी जाताना कानावर पडलेल्या शब्दांवर अवलंबून असते.

मनाच्या दुखण्याशी या औषधाची गाठ जरा आडवळणाने पडली. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जॉन क्रिस्टल आणि त्यांचे सहकारी १९९०च्या सुमारास निरोगी माणसांना त्याची अल्प मात्रा देऊन पाहत होते. हेतू असा, की घटकाभर मन भ्रमले तर वेडाच्या मोठ्या आजारात मेंदूत काय होते याचा काही सुगावा लागेल. पुढे हेच औषध त्यांनी खिन्नतेच्या रोग्यांना दिले. भुलीसाठी देतात त्याहून बरेच कमी. किलोभर वजनाला अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिलिग्रॅम, तेही चाळीस मिनिटे सलाइनमधून थेंबथेंब. २००० साली त्यांनी निष्कर्ष छापले. रोगी अवघे सात. पण त्यांचे मन काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत हलके झाले होते.

याचे आश्चर्य का, हे ज्या घरात असे दुखणे येऊन गेले आहे त्या घराला सांगायला नको. खिन्नतेच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, कधी सहा. तोवर घरातले कोणी ना कोणी रात्री जागे असते, गॅलरीचे दार लावून घेते, औषधांचा डबा आपल्या उशाशी ठेवते. तिथे ‘उद्यापर्यंत’ असे म्हणणारे औषध आले, तर त्याला नुसते नवे औषध म्हणून कसे चालेल?

२००६ साली अमेरिकन सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झराते यांनी हाच प्रयोग अठरा जणांवर, अधिक काटेकोरपणे केला. हे सारे दोन-दोन औषधांना न जुमानलेले रोगी. एका दिवसात शंभरातल्या ७१ जणांना लक्षणीय उतार, असे प्रमाण पडले. मात्र त्याच निबंधातला दुसरा आकडा वर्तमानपत्रांनी बारीक टायपात छापला. आठवडाभर हा गुण टिकला तो शंभरातल्या ३५ जणांचा. बाकीच्यांची भूल उतरली म्हणायची.

जाता जाता एक गोष्ट. विजेच्या झटक्यांच्या उपचाराला आपल्याकडे अजून घरेच्या घरे भितात. २०२३ साली अमित आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या उपचाराची व केटामाइनची जोडी लावून पाहिली. भ्रम नसलेल्या, पण हट्टी खिन्नतेच्या रोग्यांत केटामाइनचा गुण ५५ टक्क्यांना आला, झटक्यांचा ४१ टक्क्यांना. झटके वाईट असे याने ठरत नाही. पण दुसरी वाट आहे, एवढे ठरते.

हे औषध मेंदूत करते काय? ग्लुटामेट नावाचे एक द्रव्य मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात. केटामाइन त्या निरोपाचा एक दरवाजा काही काळ अडवते. त्यानंतर पेशींच्या टोकांना नवे धुमारे फुटतात, असे येलमध्येच २०१० साली उंदरांत दिसले, तेही एका दिवसाच्या आत. उंदीर आणि माणूस यांत अंतर आहे, हे मान्य. पण डोंगरातल्या पाऊलवाटेची उपमा इथे चालावी. वर्षानुवर्षे एकाच वाटेने गुरे गेली की ती खोल घळ होते आणि पुढच्या गुराला दुसरीकडून जाताच येत नाही. खचलेल्या मनाचे विचार असेच एका घळीतून चालतात. औषध घळीच्या कडा थोड्या ढासळवते. आता गुरे नव्या वाटेने न्यायची तर कोणीतरी गुराखी हवा, आणि तोही कडा पुन्हा घट्ट होण्याच्या आत.

मनावर घाव बसलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. खिन्न माणसाला काहीच गोड लागत नाही. घाव बसलेल्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. आपण मुलांना व्याकरणात भूतकाळ शिकवतो. घडून गेले ते भूत. पण या माणसांच्या आतले व्याकरण बिघडलेले असते. क्रियापद भूतकाळात जातच नाही. २००६ साली मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्यातून वाचलेल्या एखाद्याच्या कानाशी या दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला, तर त्याच्यासाठी ती एकोणीसशे काही किंवा दोन हजार काही सालची आठवण नसते. तो त्या डब्यात असतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय येथे अड्रियाना फेडर यांनी २०१४ मध्ये अशा ४१ जणांवर केटामाइन वापरून पाहिले. चोवीस तासांनी त्यांची लक्षणे दुसरे गुंगीचे औषध दिलेल्यांपेक्षा कमी होती. २०२१ मध्ये तीस जण घेतले, दोन आठवड्यांत सहा वेळा औषध दिले. केटामाइन मिळालेल्यांत ६७ टक्क्यांना, दुसरे औषध मिळालेल्यांत २० टक्क्यांना गुण आला. आणि मग निम्म्या जणांचा गुण चार आठवड्यांच्या आसपास ओसरला. पुन्हा तेच!

औषध उतरते, मग माणसाजवळ उरते काय? हा प्रश्न सर्वांत आधी ज्यांनी मनावर घेतला त्यांतले एक रशियाचे. १९८५ साली, म्हणजे शहराचे नाव अजून लेनिनग्राड होते तेव्हा, एव्गेनी क्रुपित्स्की यांनी दारूच्या व्यसनात बुडालेल्यांवर या औषधाने उपचार आरंभले. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. आधी रोग्याशी कितीतरी वेळ बोलणे: तू पितोस का, सोडलीस तर काय करशील, तुला काय हवे आहे. मग औषध, आणि औषधाच्या अमलात शेजारी बसून संगीत आणि मोजके बोलणे. मग काय दिसले ते रोग्याने स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. मग पुन्हा बैठक, इतर रोग्यांसह, आणि त्या लिहिलेल्याचा आपल्या जगण्याशी मेळ घालणे. निबंध तपासण्यात अर्धे आयुष्य गेलेल्या माझ्यासारखीला त्या वह्यांचा हेवा वाटला. इतक्या गरजेपोटी लिहिलेला निबंध माझ्याकडे क्वचितच येतो. १९९७ साली त्यांनी दहा वर्षांचा ताळा मांडला: या उपचाराच्या १११ जणांपैकी ७३ जण वर्षभर दारूपासून पूर्ण दूर राहिले, नेहमीचा उपचार घेतलेल्या शंभरांपैकी २४. आकडा दिपवणारा आहे. तरी आपल्याला काय दिले जाते आहे हे त्या रोग्यांना कळत होते, हे विसरून चालायचे नाही. ज्याला वाटते की मला रामबाण मिळाला, तो बाणाआधीच अर्धा बरा होतो.

ही शंका किती खोल जाते ते स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३ मध्ये दाखवले. खिन्नता असलेले आणि कुठल्या तरी शस्त्रक्रियेसाठी आलेले चाळीस रोगी. पूर्ण भूल दिल्यावर, म्हणजे त्यांना काहीच कळत नसताना, निम्म्यांना केटामाइन दिले आणि निम्म्यांना मिठाचे पाणी. दोन्ही गटांना सारखाच उतार पडला! यावर दोन तऱ्हांनी बोलता येते. एक, सगळा खेळ विश्वासाचा. दुसरी, ते औषध ‘भोगले’ नाही तर त्याचा गुण उरत नाही. ती वाट रोग्याने स्वतः डोळ्यांनी पाहावी लागते. मला दुसरी अधिक पटते, पण माझ्या पटण्याला शास्त्रात किंमत नाही. शिवाय दोन्ही गटांशी प्रयोगाच्या निमित्ताने कोणीतरी आपुलकीने बोलले होते, हे आहेच.

मग बोलण्याने खरेच भर पडते का? प्रामाणिक उत्तर असे: पडत असावी, पण तराजू अजून डळमळतो आहे. इंग्लंडातल्या एक्सेटर विद्यापीठाचा २०२२ चा प्रयोग त्यातल्या त्यात नेमका. दारू सोडू पाहणारे ९६ जण, त्यांचे चार गट: औषध आणि मानसोपचार, औषध आणि नुसती माहिती, मिठाचे पाणी आणि मानसोपचार, मिठाचे पाणी आणि माहिती. सहा महिन्यांनी केटामाइन मिळालेल्यांचे दारूविना दिवस अधिक भरले, आणि सर्वांत मोठा फरक पडला तो औषध व बोलणे दोन्ही मिळालेल्या गटाचा, काहीच न मिळालेल्यांशी तुलना करता. बोलण्याचा वाटा एकट्याने किती, हे मात्र त्यातून ठामपणे सुटे काढता आले नाही. भात शिजला, पण आच किती आणि पाणी किती?

तेव्हा नाशिकच्या बाईंना मी असे कळवले. पहिली गोष्ट, या मात्रेत मुलगी बेशुद्ध नसते. डोळ्यांवर पट्टी, कानात संगीत, मंद दिव्याची खोली, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, आणि जवळ एक माणूस. ती बोलू शकते, पण त्या वेळी फारसे बोलायचे नसतेच. खरे बोलणे होते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पूर्ण शुद्धीवर. दुसरी गोष्ट, शुद्धीवर असताना का बोलत नाही, याचे उत्तर असे की तिला बोलायचे आहे. वाट बंद आहे.

त्यांचे दुसरे पत्र आले ते लांबलचक होते. त्यात पहिल्या पत्रात नसलेली गोष्ट होती. बाईंचे यजमान २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मुलीला येता आले नाही. पांढऱ्या पिशवीत गुंडाळलेला तो देह तिने तिकडे रात्री फोनच्या पडद्यावर पाहिला, तीन मिनिटे. मग जोडणी तुटली. “त्या दिवसाविषयी आम्ही दोघी आजवर एक शब्द बोललो नव्हतो. तिला वाटायचे आईला त्रास होईल, मला वाटायचे तिला. आता दर रविवारी फोन करते आणि विचारते. बाबांच्या अंगात कुठला सदरा होता. चिठ्ठी कोणी आणून दिली. शेवटचा चहा प्यायले का. मी सांगते.” उपचाराच्या पहिल्या बैठकीत मुलगी एकदम मराठीत बोलू लागली होती, समुपदेशक बाईंना त्यातले अक्षर कळले नाही, पण त्यांनी तिला थांबवले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले, काल तुम्ही एकच शब्द खूपदा म्हणत होता, त्याचा अर्थ काय? शब्द होता ‘थांबा’.

मुलगी बरी झाली का, हे मी विचारलेले नाही. बाईंनी लिहिलेलेही नाही. रविवारचे फोन चालू आहेत, एवढे समजते.

सगळीकडे मात्र असे बसून ऐकणारे माणूस मिळत नाही. केटामाइन जुने, त्याचे एकस्वाचे हक्क कधीच संपलेले, औषध स्वस्त. महाग आहे तो माणसाचा तास. धंद्याला हे गणित लवकर कळते. अमेरिकेत गल्लोगल्ली केटामाइनची दुकाने निघाली. तिथे आरामखुर्ची आहे, सलाइन आहे, बोलायला कोणी नाही. त्याच औषधाच्या एका भावंडाचा, एस्केटामाइनचा, नाकात मारायचा फवारा २०१९ साली तिथल्या सरकारने मान्य केला. त्याला निदान अट आहे की दवाखान्यातच घ्यायचा आणि पुढे दोन तास देखरेखीखाली बसायचे. पण करोनाच्या काळात नियम सैल झाले आणि फोनवर डॉक्टर, टपालाने गोळी, घरच्या सोफ्यावर भूल, असाही प्रकार सुरू झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन औषध-प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा काढावा लागला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला ‘फ्रेंड्स’ मालिकेतला, आपल्याकडच्या तरुण मुलांनाही ठाऊक असलेला नट मॅथ्यू पेरी त्याच्या लॉस एंजेलिसच्या घरी मरण पावला. मुख्य कारण केटामाइन. खिन्नतेवर रीतसर उपचार तो घेत होता. पण ज्याने जीव गेला ते औषध त्या उपचारातले नव्हे, बाहेरून मिळवलेले. या प्रकरणी दोन डॉक्टरांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. नशेपायी हे औषध रोज घेणाऱ्यांचे मूत्राशय आतून सोलवटून निघते, आणि ते दुखणे कधीकधी कायमचे राहते. ही तिसरी भूल, रानातली.

आपल्याकडे २०११ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आणि २०१३ च्या अखेरीस औषध-नियमांच्या अत्यंत कडक अशा एक्स परिशिष्टात गेले. कारण उघड आहे. पिंपेच्या पिंपे चोरून बाहेर जात होती. पण खेड्यातल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते, की चोराच्या भीतीने विहिरीला कुलूप घातले तर गाव काय पिणार? आमचे दुसऱ्या मजल्यावरचे काका या विषयावर बोलू लागले की चहा निवतो.

मुंबई-पुण्यातले काही मानसोपचारतज्ज्ञ निवडक रोग्यांना हे औषध आता देतात. कोणाला सुचवलेच, तर घरच्यांनी काही गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. रक्तदाब आटोक्यात आहे का. पूर्वी कधी भ्रम, भास झाले आहेत का. व्यसन आहे का. यांतल्या कशालाही ‘हो’ असेल तर ते लपवू नये; घराण्याची अब्रू या खोलीत आणू नये. भूलतज्ज्ञ किंवा तशी तयारी असलेला माणूस तिथे हजर असेल का. त्या दिवशी घरी कोण नेणार. कारण स्वतः गाडी चालवायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी कोण बोलणार? किती वेळ? कोणत्या भाषेत?

शेवटचा प्रश्न मी मराठीची मास्तरीण म्हणून घालते आहे, असे कोणी समजेल. पण आपली दुःखे कुठल्या शब्दांत असतात ते पाहा. ‘डिप्रेशन’ हा शब्द आपण बाहेर वापरतो. घरात म्हणतो, जीव लागत नाही, मन उडाले आहे, घशाखाली घास उतरत नाही, घर खायला उठते. ‘ट्रॉमा’ला आपल्याकडे ‘धसका’ आहे. आणि धसका ‘घेतला’ जातो, हेही ऐकणाऱ्याला ठाऊक असावे लागते. आजवर कोणी विचारले नाही म्हणून न बोललेला माणूस पट्टी सोडून उठून बसतो, तेव्हा त्याला भाषांतर करायला लावणे म्हणजे भुकेल्याला आधी पाककृती लिहायला सांगणे आहे.

बेंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत खिन्नतेच्या शंभर रोग्यांपैकी ८५ जण उपचारावाचून राहतात असे आढळले होते. त्यांना केटामाइन नव्हे, साधी गोळीही मिळत नाही, आणि विचारपूसही नाही. ज्या घरी असे कोणी असेल, त्यांच्यासाठी एक क्रमांक इथे देऊन ठेवते. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा १४४१६ वर दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.